पान्हा कोण सोडतं?

मुलामुलींनो, गाईच्या कासेत दूध असतं हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण कास तट्ट भरलेली असताना सड ओढल्याबरोबर सगळं दूध का येत नाही? आधी वासराला का सोडावं लागतं? वासरू चार ढुशा देतं, दोन-चार घोट पितं, आणि मग धार काढणारी आजी म्हणते, "आता पान्हावली बघ!" त्या मिनिटभरात गाईच्या अंगात असं काय घडतं?

आमच्या उदगीर भागातल्या मुलांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण देशभर नावाजलेली देवणी गाय ही आमच्या शेजारच्या देवणी तालुक्याच्या नावाने ओळखली जाते. पांढऱ्या अंगाची आणि तोंडाच्या बाजूला काळी असली तर ती वानेरा, जवळजवळ पूर्ण पांढरी असली तर बालंक्या, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेले असले तर शेवरा. हिचे बैल औताला दमदार आणि गाय दुधाला बरी. उदगीरला जनावरांच्या डॉक्टरांचं शिक्षण देणारं महाविद्यालयही आहे, आणि एके काळी इथे दुधाची भुकटी करणारा सरकारी प्रकल्पही होता. तेव्हा दुधाची गोष्ट आपण आपल्याच गोठ्यातून सुरू करू. ती कुठपर्यंत जाते बघा. तुमच्या गळ्यापर्यंत, पोटापर्यंत आणि तुमच्या फुटणाऱ्या आवाजापर्यंत!

मिनिटभराचा प्रवास

गाईची कास म्हणजे दुधाने भरलेली एकच मोठी पिशवी, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं बरं का. कासेत लक्षावधी बारीक बारीक पिशव्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. दूध तयार होतं ते या पिशव्यांत, आणि बरंचसं तिथेच अडकून बसतं. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ती जाळी आवळली गेली, की पिशवी पिळली जाते आणि दूध खाली सडाकडे उतरतं. हाच तो पान्हा.

पण जाळीला "आवळ" असा हुकूम कोण देतं?

वासराने ढुशी दिली, की सडाच्या कातडीतल्या नसा जाग्या होतात. त्यांचा निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, आणि त्याला देठाने लोंबकळलेली एक ग्रंथी आहे. तिचं नाव पीयूषिका. माणसात ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते, पण तिची सत्ता मोठी! निरोप मिळताच ही ग्रंथी ऑक्सिटोसिन नावाचं रसायन रक्तात सोडते. रक्त ते हृदयाकडे नेतं, हृदय ते साऱ्या अंगात ढकलतं, आणि साधारण मिनिटभरात ते कासेपर्यंत पोचतं. जाळ्या आवळतात आणि चरवीत धारेचा आवाज घुमू लागतो.

या ऑक्सिटोसिनचा जोर काही मिनिटंच टिकतो. म्हणून तर अनुभवी माणूस पान्हा आला की गप्पा मारत बसत नाही, भराभर धार काढून मोकळा होतो. शास्त्र शिकलेलं नसलं तरी हाताला ठाऊक असतं.

गंमत अशी, की पीयूष म्हणजे अमृत हे आपल्याला माहीत असतं, पण नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधालाही संस्कृतात पीयूषच म्हणतात. पान्हा सोडणाऱ्या ग्रंथीला किती शोभून दिसतं हे नाव!

आणि हे फक्त गाईतच घडतं असं नाही. तुम्ही तान्हे असताना तुमच्या आईलाही असाच पान्हा फुटत होता, याच रसायनाने. बाळ रडलं तरी आईला पान्हा फुटतो, तसाच चरवीचा आवाज ऐकून गाईलाही फुटतो. म्हणजे निरोप कातडीतून येतो, तसा कानांतून आणि डोळ्यांतूनही येतो.

गावभर दवंडी

आता जरा थांबा. हे रसायन रक्तातून साऱ्या अंगात फिरतं, मग गाईचा कान का आवळत नाही? शेपूट का आवळत नाही?

पूर्वी गावात दवंडी पिटत. "ऐका हो ऐका! ज्यांचा शेतसारा राहिला असेल त्यांनी उद्या चावडीवर यावं!" दवंडी ऐकायचा सगळा गाव, पण चावडीवर जायचा तो ज्याचा सारा राहिलाय तोच. ऑक्सिटोसिनचं तसंच आहे. ते सगळ्या पेशींपाशी जातं, पण ज्या पेशींवर त्याला ओळखणारी खूण असते, त्याच त्याचं ऐकतात. अशी खूण कासेतल्या जाळीवर असते आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरही असते. म्हणूनच बाळंतपणाच्या वेळी गर्भाशय आवळण्याचं कामही हेच रसायन करतं. ऑक्सिटोसिन या नावाचा ग्रीक भाषेतला अर्थच मुळी "झटपट बाळंतपण" असा आहे.

अशा दवंडी देणाऱ्या रसायनांना हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतात, आणि ती सोडणाऱ्या ग्रंथींना अंतःस्रावी ग्रंथी. घामाच्या किंवा लाळेच्या ग्रंथीला बाहेर पडायला बारीक नळी असते. या ग्रंथींना नळी नसते, त्या आपला माल थेट रक्तात ओततात. इतकाच काय तो फरक.

अंगात अशी दवंडी फिरते हे माणसाला कळलं ते अलीकडे. त्याआधी शास्त्रज्ञांना वाटायचं, की शरीरातले सगळे हुकूम नसांमधूनच जातात. जानेवारी १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी (हे दोघे नात्याने मेहुणे-मेहुणे) बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा कापल्या, आणि मग त्या तुकड्यात आम्ल सोडलं. नसाच नाहीत, तर निरोप जाणार कसा? पण गेला! दूरचं स्वादुपिंड पाचकरस गाळू लागलं. मग त्यांनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडून आम्लात घोटलं, गाळलं आणि ते पाणी कुत्र्याच्या शिरेत टोचलं. स्वादुपिंड पुन्हा पाझरू लागलं. म्हणजे निरोप रक्तातून जात होता! १९०५ साली स्टार्लिंगने अशा रसायनांना हार्मोन हे नाव दिलं. चालना देणे, हा त्या शब्दाचा ग्रीक भाषेतला अर्थ.

पान्हा चोरणारी गाय

गोठ्यात परका माणूस आला, कुत्रं भुंकलं, कुणी गाईच्या पाठीत काठी घातली, की गाय पान्हा चोरते. तुम्ही म्हणाल, गाय लबाड आहे. नाही हो! ती घाबरलेली असते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. भीती वाटली की ती ॲड्रेनॅलिन सोडते. लगेच छाती धडधडते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त धावतं. पळा नाहीतर लढा! अशा वेळी जी कामं थांबली तरी चालतील, ती थांबवली जातात. कासेकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि मेंदूही ऑक्सिटोसिन सोडायचं आवरतं घेतो. वाघ समोर असताना वासराला पाजत कोण बसेल?

१९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघा संशोधकांनी याचा पडताळा घेतला. त्यांनी काय करावं? धार काढायच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फुगवून फटाफट फोडल्या! गाय दचकली आणि दूध आटलं. ॲड्रेनॅलिन टोचलं तरी तसंच झालं.

परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर तुमचे तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते. तेव्हा तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. तुमच्या टोपीवाल्या ग्रंथी आपलं काम चोख करताहेत. दोन मिनिटं डोळे मिटून सावकाश श्वास सोडा. दवंडी विरते, आणि पाठ केलेलं आठवू लागतं.

इंजेक्शनचा पान्हा

आता एक कडू गोष्ट. ऑक्सिटोसिनची घडण १९५३ साली अमेरिकेतल्या व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयारही करून दाखवलं. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी ती! त्यांना १९५५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. या शोधाने मोठं कल्याण झालं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही तेव्हा हेच इंजेक्शन गर्भाशय आवळतं आणि आईचा जीव वाचतो. आज सरकारी दवाखान्यातही ते वापरतात.

पण तेच औषध काही गोठ्यांत चोरून शिरलं. वासराची भानगड नको, वेळ जायला नको, म्हणून रोज धार काढण्याआधी गाई-म्हशीला सुई! वासरू मेलं असेल तर सुई, गाय अडली तर सुई. आता तुम्हीच विचार करा. ज्या रसायनाची खूण गर्भाशयावरही आहे, ते रोज भरमसाट टोचलं तर काय होईल? गर्भाशय विनाकारण आवळलं जातं, जनावराला कळा येतात, गाभण जनावर गाभडण्याचा धोका असतो. शिवाय सुईची सवय लागते, आणि मग सुईवाचून पान्हाच येत नाही.

आपल्या देशात १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा त्यात गुन्हा आहे. त्याला दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकायलाही मनाई आहे.

"गुरुजी, असलं दूध प्यायल्यावर आपल्यालाही काही होतं का?" असं वर्गात हमखास विचारलं जातं. ऐका. ऑक्सिटोसिन ही अमिनो आम्लांची साखळी आहे, म्हणजे प्रथिनाचाच छोटा भाऊ. डाळीतली प्रथिनं पोटात तुटतात, तशीच हीही साखळी तुटते. तेव्हा त्या दुधाने मुली लवकर वयात येतात वगैरे जे बोललं जातं, त्याची भीती बाळगू नका. पण त्या गाईचं दुखणं खरं आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. तुमच्या ओळखीत असं कुणी करत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. गोठ्यात शांतता, ठरलेली वेळ, ओळखीचा हात आणि वासराची ढुशी, याच्याइतकं गुणकारी इंजेक्शन अजून निघालेलं नाही.

टाकीतला फुगा

वरच्या गोष्टीतून एक मुद्दा लक्षात आला ना? हार्मोन थोडंसंच लागतं, आणि जेव्हा लागतं तेव्हाच लागतं. मग ते किती सोडायचं आणि कधी थांबायचं, हे ग्रंथीला कसं कळतं?

छतावरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता फुगा असतो, पाहिलाय? पाणी कमी झालं की फुगा खाली जातो, नळ उघडतो. टाकी भरली की फुगा वर येतो, नळ बंद. लातूर जिल्ह्यात पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. फुगा बिघडला तर टाकी तरी वाहते, नाहीतर रिकामी तरी राहते. आपल्या ग्रंथी अशाच फुग्यावर चालतात.

गळ्यात, श्वासनळीच्या पुढे, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी अवटू ग्रंथी आहे. हिलाच थायरॉइड म्हणतात. ती थायरॉक्सिन बनवते. शरीराची चूल किती जोरात पेटवायची, हे थायरॉक्सिन ठरवतं. मोठ्या माणसाचं वर्षभराचं थायरॉक्सिन एकत्र केलं, तर जेमतेम तांदळाच्या दोन दाण्यांइतकं भरेल! पण ते कमी पडलं तर माणूस सुस्तावतो, थंडी वाजते, कातडी कोरडी पडते, अभ्यासात मन लागत नाही. जास्त झालं तर छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही वजन घटतं.

पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या थायरॉक्सिनवर डोळा ठेवून असते. कमी दिसलं की ती अवटूला हुकूम सोडते, "बनव!" पुरेसं झालं की हुकूम थांबतो. पण थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागतं. अन्नात आयोडीनच नसेल तर? पीयूषिका ओरडतच राहते, "बनव, बनव!" बिचारी अवटू राबते, फुगते, मोठी होते, पण कच्चा मालच नाही! गळ्यावर सूज दिसू लागते. हाच गलगंड.

गलगंड दिसतो म्हणून कळतो. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं असतं. बाळ पोटात असताना आईला आयोडीन कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, आणि ती नंतर भरून काढता येत नाही.

यावरचा उपाय फार सोपा निघाला. १९५६ सालापासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि काहींना साधं. काही वर्षांतच आयोडीनवाल्या गावांतल्या मुलांचे गलगंड कमी झालेले दिसले. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मे २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला देशभर बंदी आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चहाचा एक चमचा भरेल. पण ते रोज हवं, एकदम खाऊन भागत नाही. आता आपापल्या घरी जाऊन बघा. मिठाच्या पुडीवर हसऱ्या सूर्याचं चिन्ह आहे का? की जनावरांसाठी आणलेलं जाडं मीठच वरणात पडतंय? मीठ उघड्या वाडग्यात, चुलीशेजारी ओल धरत पडलंय का? दमटपणाने आणि उन्हाने आयोडीन उडून जातं. झाकणाच्या बरणीत ठेवायला आईला मदत करा.

एका मुलाचा गोष्टीसारखा खराखुरा दिवस

टोरांटो हे कॅनडामधलं शहर. तिथल्या दवाखान्यात डिसेंबर १९२१ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा भरती झाला. तुमच्याच वयाचा! वजन सुमारे ३० किलो, अंगावर नुसती हाडं. त्याला मधुमेह होता. त्या काळी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. त्याने फक्त मरण थोडं लांबायचं.

आपण भाकरी खातो, तिची पोटात साखर होते आणि रक्तात येते. ती पेशींच्या आत शिरली तरच तिचा उपयोग. पेशींचं दार उघडायला लावतं ते इन्सुलिन. जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात बारीक बारीक बेटं असतात. पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये प्रथम पाहिली. त्या बेटांवर इन्सुलिन तयार होतं. जेवणाआधी मोठ्या माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून चमचाभरच साखर असते. एवढा नाजूक तोल! इन्सुलिन नसेल तर रक्तात साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी. तळ्याकाठी उभं राहून तहानेने जीव जावा तसं.

१९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी टोरांटोला प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हे रसायन काढलं. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्डला पहिलं इंजेक्शन दिलं. फारसा उपयोग झाला नाही, अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं, आणि या खेपेला साखर उतरली. लिओनार्ड हिंडूफिरू लागला. पुढे तो तेरा वर्षं जगला. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क नाममात्र एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले.

तुमच्या शाळेतही असा मधुमेह असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असू शकेल. त्यांच्या शरीराच्या संरक्षक पेशींनीच इन्सुलिनच्या बेटांवर हल्ला केलेला असतो. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, आणि डबा वाटून खाल्ल्याने तो लागतही नाही. त्यांना दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचावं लागतं. गोळी का चालत नाही? ऑक्सिटोसिनची गोष्ट आठवा. इन्सुलिन ही ५१ अमिनो आम्लांची रचना आहे, पोटात गेली की तुटलीच! ते थंड ठेवावं लागतं. वीज नसलेल्या घरात ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यातही ते सांभाळता येतं.

दोन गोष्टी पाठ करून ठेवा. एक : कुणी मूल फार पाणी पितं, सारखं लघवीला जातं, वाळत चाललंय, थकून बसतं, तर थांबू नका, मोठ्यांना सांगून लगेच दवाखान्यात रक्तातली साखर तपासायला लावा. दोन : इन्सुलिन घेणारा मित्र अचानक घामाघूम झाला, थरथरू लागला, बरळू लागला, तर साखर कमी झालेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर साखर, गूळ किंवा साखरपाणी लगेच द्या आणि मोठ्यांना बोलवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, धावत जाऊन मदत आणा.

आता तुमची पाळी

सातवी-आठवीच्या वर्गात शिरलं, की एका बाकावर एवढासा मुलगा आणि शेजारी ताडमाड मुलगी. एकाचा आवाज कविता म्हणताना मध्येच फाटतो आणि सगळा वर्ग हसतो. हसू नका रे! उद्या तुमचीही पाळी आहे.

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान आणि मुलांमध्ये ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान तीच वाटाण्याएवढी पीयूषिका नवा हुकूम सोडते. मुलींचं अंडाशय इस्ट्रोजेन बनवू लागतं, मुलांचं वृषण टेस्टोस्टेरॉन. मुलांच्या गळ्यातला स्वरयंत्राचा डबा मोठा होतो, स्वरतंतू लांबतात आणि जाड होतात. नवं वाद्य हाताळायला गळ्याला वेळ लागतो, म्हणून आवाज फुटतो. मुलींची पाळी सुरू होते. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोमाने पाझरतात, त्यामुळे मुरुमं येतात. हे सगळं निरोगी शरीराचं लक्षण आहे. पाळीत अपवित्र काही नाही, आणि आवाज फुटण्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. फारच लवकर किंवा फारच उशीर झाला असं वाटलं, तर आईबाबांबरोबर डॉक्टरांकडे जावं, एवढंच.

उंची वाढवणारं हार्मोनही पीयूषिकेतूनच येतं, आणि त्याचा मोठा वाटा रात्री गाढ झोपेत सुटतो. तेव्हा मध्यरात्रीपर्यंत मोबाइल बघत बसणाऱ्यांनी विचार करावा!

थोड्या मोठ्या मुलांना खास सांगतो. पिळदार दंडासाठी कुणी "ताकदीचं इंजेक्शन" घे म्हणालं, तर टाकीतला फुगा आठवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन ओतलं, की पीयूषिकेला वाटतं टाकी भरली. ती आपला हुकूम बंद करते, आणि तुमचं स्वतःचं वृषण काम थांबवून आकसू लागतं. शिवाय हाडांची टोकं लवकर जुळून उंचीही थांबू शकते. गोठ्यातल्या त्या गाईचं जे झालं, तेच. सुई लागली की आपला पान्हा आटतो.

घरी करून पाहा

१. धार काढायला परवानगी घेऊन मोठ्यांबरोबर जा. लांब शांत उभे राहा. वासराने तोंड लावल्यापासून पान्हा यायला किती सेकंद लागतात, ते मोजा. तीन दिवस मोजून वहीत लिहा.

२. मनगटावर दोन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजा. मग कुणालातरी मागून अचानक "भ्वॉ!" करायला सांगा आणि पुन्हा मोजा. किती वेळाने ती पूर्वपदावर येते?

३. भिंतीवर पेन्सिलने उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर महिन्याच्या १ तारखेला नवी खूण. ताईची, दादाची आणि तुमची खूण वेगवेगळ्या वेगाने वर चढेल. कुणाची आधी, कुणाची मागून.